मुदरग्याची पांढरी

कोल्हापुरात कुणालाही सांगितलं की मी आठवडाभर नांदेड-लातूरकडं जाऊन आले, की पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडं कोण पाव्हणे आहेत का तुमचे?" पाव्हणे असल्याशिवाय माणूस मराठवाड्यात पाऊल टाकत नाही, अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत. दुसरा प्रश्न पाण्याचा, तिसरा उन्हाचा. झाडांबद्दल कुणी विचारत नाही, आणि मी तर गेले होते झाडांसाठी.

मी पस्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. सूनबाईंनाही मी घरात बसलेली बघवेना. मग एका मोठ्या कंपनीच्या वृक्षलागवडीच्या कामात सल्लागार म्हणून लागले. खरं सांगायचं तर कंपन्यांच्या झाडं लावण्याची मला पूर्वी तिडीक होती. साहेब येणार, कोऱ्या फावड्याला रिबीन बांधणार, फोटो काढणार, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. ही कंपनी मात्र तीन वर्षं पाणी घालते, राखण ठेवते, आणि मेलेलं झाड मेलं म्हणून कागदावर लिहिते. त्या शेवटच्या गोष्टीला मी भुलले. त्यांच्या फलकावर 'हवामान, जैवविविधता आणि सामुदायिक आरोग्य' असं काहीबाही मोठं लिहिलेलं असतं, तेही मग मी चालवून घेतलं.

मुदरगा हे गाव लातूर जिल्ह्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला. त्र्याण्णवच्या भूकंपात ते सगळं पडलं. नवं गाव दोनेक मैलांवर वसलं आणि जुनी जागा तशीच राहिली, उघडीबोडकी. तिथं झाडं लावायची होती. गावाच्या वतीनं माझ्याशी फोनवर बोलायचे ते नाना, सत्तरी उलटलेले शेतकरी. त्यांची बायको त्या पहाटे गेली. ती सापडली, तिचं सगळं रीतीनं झालं. धाकटी मुलगी सुमी चार वर्षांची होती, ती सापडलीच नाही. नाना त्या रात्री शेतावर होते म्हणून वाचले. पहिल्याच फोनवर त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, पोरगी तितंच हाय माझी. इतकी वर्सं उन्हात हाय. तिच्यावर सावली आली की माझं काम झालं." गावातले लोक त्या जागेवर काहीच करू द्यायला तयार नव्हते. नानांनी घरोघर जाऊन, हातापाया पडून, शेवटी ग्रामसभेत सगळ्यांना राजी केलं. अट एकच. ज्याच्या घराची जागा, तिथं त्याच्या घरच्या मानाचं झाड.

मी फॉर्म भरत होते. विचारलं, "नाना, माती कशी आहे तिथली?"

"पांढरी हाय की बाई. अस्सल पांढरी."

मी 'चुनखडीयुक्त' असं लिहिलं, आणि त्या मातीत तग धरतील अशा झाडांची यादी केली. हिवर, खैर, बाभूळ, बोर. लॅटिन नावांसह नानांना फोनवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "बरं हाय. तुमी शिकलेल्या हाव, बरंच आसंल." 'घरच्या मानाचं झाड' हे मी अर्ध्या कानानं ऐकलं होतं. उरलेला अर्धा कान कुकरच्या शिट्टीकडं असावा.

किनवट, मंगळवार

रोपं किनवटहून न्यायची होती. मी आपली डोळ्यांपुढं उजाड माळ घेऊन आलेली, आणि गाडीच्या खिडकीतून बघते तर काय, डोंगरच्या डोंगर सागवानाचे! पानं तळहाताहून चौपट, पावसानं धुतलेली. माझ्या तोंडून "अगं आई गं!" असं मोठ्यानं निघालं आणि समोरच्या बाकावरचे दोघे हसले. म्हणाले, "पयल्यांदा आल्या वाटते."

नर्सरी बायकांच्या बचत गटाची. गंगाबाई तिथल्या प्रमुख, पन्नाशीच्या, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरच्या बाईला हाक मारायला फोन लागत नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुली रविवारी जंगलात बिया वेचतात आणि इथं आणून देतात. कुठलं बी रात्रभर भिजवायचं, कुठलं शेणात घोळायचं, कुठलं विस्तवाच्या राखेत ठेवायचं, हे गंगाबाई तोंडपाठ सांगत होत्या. माझ्या काही पुस्तकांत ते तीन-तीन पानं आहे आणि तरी समजत नाही.

मी कौतुकानं ऐकत एका तोडलेल्या फांदीला टेकून उभी राहिले. फांदी बिब्ब्याची होती. वनस्पतिशास्त्राची बाई, आणि तिला बिब्बा ओळखू आला नाही! दुपारपर्यंत मनगट टम्म सुजलं आणि आग आग व्हायला लागली. नर्सरीतल्या सगळ्या बायका मला बघायला आल्या. "बाईले बिब्बा उतला!" म्हणून तोंडाला पदर लावून हसणं सुरू झालं. गंगाबाईंनी मात्र खोबरेल चोळलं, आणि जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. आमच्याकडं अंबाडी म्हणजे कधीमधी तोंडपालट. तिथं ती रोजची, आणि तिला जी चव होती ती मी घरी येऊन दोनदा करून पाहिली, जमली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरताना गंगाबाई यादी बघून थबकल्या. 

"बाई, ही सारी काट्याचीच झाडं काहून? कुंपण घालून राहिले का?"

"नाही हो. तिथली माती तशी आहे."

"माती काटे मागते?" त्या म्हणाल्या. मी त्यांना चुनखडीबद्दल पाच मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि "तुमी शिकेल हाव" म्हणून पिशव्या भरायला घेतल्या. हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

नांदेड, बुधवार

टेम्पो उस्मानभाईंचा. नांदेडचे राहणारे, साठीचे, दाढीला मेंदी. कंपनीचा अधिकारी निखिल, पुण्याचा, तिशीचा, फार सज्जन माणूस, गाडी घेऊन पुढं गेला होता. मी हट्टानं टेम्पोत बसले, कारण रोपांबरोबर कुणीतरी असावं असं मला वाटतं. भोकरच्या पुढं रस्त्याच्या कडेला उस्मानभाईंनी चहा पाजला. रोपांवर पाणी मारलं. एकेका पिशवीखाली हात घालून बघत होते, लेकरू ओलं आहे का बघावं तसं.

नांदेडात शिरल्यावर म्हणाले, "मॅडम, हॉटेलात जेवायचं नाही. घर हाय आमचं."

जुन्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. भाभींनी तहारी, म्हणजे त्यांच्याकडचा मसालेभात, केली होती, सोबत भातावर घ्यायचा चिंचेचा खट्टा. मी भीतभीत तिखटाचा अंदाज घेतला आणि मग भीड सोडून दोनदा वाढून घेतलं. निखिलही आला होता. तो खट्टा कढी समजून वाटी तोंडाला लावून प्यायला आणि डोळ्यांत पाणी आणून "छान आहे" म्हणाला.

जेवताना उस्मानभाईंनी विचारलं, "ये झाडं मुदरग्यात कुठं लावणार?"

"जुन्या गावाच्या जागेवर. घरं होती ना, तिथं."

त्यांचा घास हातातच राहिला. "घरावर बाभूळ? कोण बोललं असं?"

"माती पांढरी आहे ना तिथली," मी म्हणाले. "चुनखडीची. नानांनीच सांगितलं. अस्सल पांढरी, म्हणाले."

उस्मानभाईंनी भाभींकडं पाहिलं, भाभींनी त्यांच्याकडं. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, खफा नका होऊ. पांढरी म्हणजे माती नाही. पांढरी म्हणजे गाव. शेताला काळी म्हणतात, घरं असतात त्या जागेला पांढरी. आमचे अब्बा गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरायचे. कोणी भेटला की पहिलं विचारायचे, तुमची पांढरी कोणती?"

मी हातातली वाटी खाली ठेवली. 'काळी-पांढरी' हा जोडशब्द मी शाळेत वाचला होता की! परीक्षेत लिहिलाही असेल. नाना मला सांगत होते, बाई, ते आमचं अस्सल गावठाण आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि मी त्यात चुना शोधत बसले. आणि घराच्या जागेवर बाभूळ-हिवर उगवणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वंश बुडाला, घर ओसाड पडलं, की म्हणतात तिथं काटे आले. नानांची पोरगी जिथं आहे तिथं मी टेम्पो भरून काटे घेऊन निघाले होते. मला इतकी लाज वाटली की भाभींच्या त्या स्वच्छ दस्तरखानावर बसून मी रडले. भाभी माझ्या पाठीवरून हात फिरवत "नक्को आपा, नक्को" म्हणत राहिल्या.

निखिल म्हणाला, "मॅडम, यादी मंजूर झालेली आहे. बदलायची तर आठ दिवस लागतात. आणि लागवड शनिवारी आहे. गावानं दिवस धरलाय."

"शनिवारी काटे उतरले तर त्या गावात पुन्हा कधीच झाड लागणार नाही निखिल. आणि नाना..."

तो उठून अंगणात गेला. बराच वेळ फोनवर बोलत फेऱ्या मारत होता. परत आला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल. "वड, पिंपळ, उंबर, चिंच, लिंब, जांभूळ चालतील म्हणाले. मातीचा प्रकार चुकला, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाचा चुकला?"

"मग?"

"माझा, म्हणालो."

"अरे गाढवा!" मी म्हणाले. "माझी चूक तू कशाला डोक्यावर घेतोस?" त्यानं नुसते खांदे उडवले. पुढच्याच दिवशी मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहून खरं ते कळवलं, पण त्या वेळी त्या पोराबद्दल मला जी माया वाटली ती वाटलीच.

गंगाबाईंना फोन केला. त्यांनी आधी मला मनसोक्त झापलं. "म्या इचारलं व्हतं का न्हाई? माती काटे मागते का म्हून?" मग म्हणाल्या, वड-उंबर आपल्याकडं पुरेसे नाहीत, वसतिगृहातल्या पोरींनी लावलेली रोपं आहेत, पाड्यावरच्या बायकांकडं आहेत, गोळा करते. टेम्पो उलटा पाठवा. उस्मानभाईंनी हात धुतले, किल्ली उचलली, आणि मी "थोडं झोपून तरी जा" म्हणेपर्यंत टेम्पो गल्लीच्या बाहेर गेलाही.

लातूर, गुरुवार

लातूरच्या अलीकडं चाकूरपासूनच फलक सुरू होतात. मुलामुलींचे हसरे चेहरे, खाली मार्क. शहरात शिरलं की चेहऱ्यांमधून आकाश शोधावं लागतं. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांना सबंध मराठवाडा इथं लोटतो, आणि आम्ही पोचलो तो आठवडा नेमका प्रवेशांचा. एकाही लॉजमध्ये खोली नाही. सगळीकडं ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि रडवेले आई-बाप. शेवटी निखिलला एका ओळखीच्या मित्राकडं जागा मिळाली आणि मला मुलींच्या एका वसतिगृहात, मेसच्या शेजारच्या खोलीत.

सकाळी मेसवाल्या मावशींनी दारात येऊन विचारलं, "सुशीला खाणार का?"

सुशीला माझ्या नणंदेचं नाव. मी दचकून उठून बसले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला उपमा, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. उत्तम लागते. नणंदेला फोन करून सांगितलं, तिनं दोन दिवस अबोला धरला.

मेसमध्ये मुली एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात चमचा धरून खात होत्या. मला राहवेना. जुनी सवय. विचारलं, "पोरींनो, पांढरी म्हणजे काय?"

"पांढरा रंग, मॅडम." "चुन्याची माती असते ती?" एकीनं तर आम्लधर्मी-अल्कधर्मी सगळं सांगितलं, अगदी बरोबर. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. त्या सगळ्या शेतकऱ्यांच्याच मुली होत्या. मला जरा बरं वाटलं, आणि मग ते बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

मावशी मात्र चपाती लाटता लाटता तिकडून म्हणाल्या, "पांढरी म्हंजे गाव की. आमची पांढरी किल्लारीच्या पल्याड हुती. आता न्हाई." आणि पुढची चपाती घेतली. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनीच विचारलं कुठं निघालात, मी सांगितलं, तेव्हा त्यांनी लाटणं थांबवलं. "आमच्या पांढरीवर बी लावता का?" इतकंच विचारलं. मी निखिलला सांगून त्यांचं नाव-गाव लिहून घेतलंय. कंपनी लावेल की नाही ते माझ्या हातात नाही, पण मी कंपनीवाल्यांचं डोकं खाणं सोडणार नाही.

मुदरगा, शुक्रवार आणि शनिवार

नवं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि नंबर घातलेली घरं. रस्ते इतके रुंद की समोरच्या घरातल्या बाईशी बोलायला ओरडावं लागतं. आमच्या पेठेत खिडकीतून हात काढला की शेजारणीची भाजी मिळते. इथं झाडं नाहीतच म्हणा ना. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई सांगत होत्या, उन्हाळ्यात दुपारी बायका चक्कर येऊन पडतात, म्हातारी माणसं पत्र्याखाली तळमळतात. ऊन हा इथं आजारच आहे.

नाना दारात उभे होते. उंच, वाकलेले, पांढरं धोतर, डोक्याला लाल पटका. चहा झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. यादी, चुनखडी, काटे, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "नाना, मला माफ करा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "बाभळी आल्या आस्त्या तर म्या काई बोललो नसतो बाई," ते म्हणाले. "तुमी इतक्या लांबून आनल्या म्हून लावून घेतल्या आस्त्या. पर परत त्या वाटंनं गेलो नसतो." आणि मग माझ्याकडं बघून हसले. "चुना म्हनलाव व्हय?" ते हसू सबंध संध्याकाळ टिकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "बाईंनी आपल्या गावाला चुना केलं!" मला आधी राग आला, मग माझंही हसू आवरेना.

शनिवारी उघडीप होती. चार दिवस पाऊस नव्हता आणि ऊन कडक. सकाळी सगळं गाव जुन्या जागेवर आलं. दगडांचे ढिगारे, मधे तरवडाची झुडपं, वेशीचा एक चौथरा आणि बुजलेला आड, एवढंच उरलेलं. निखिलनं नकाशावर दहा-दहा फुटांवर ठिपके आखून आणले होते. तो नकाशा कुणी हातातही घेतला नाही. लोक वेशीपासून पावलं मोजायला लागले. "हितनं चाळीस, मग डावीकडं बोळ." "न्हाई, बोळाच्या आदी तेल्याचं घर." म्हातारी माणसं डोळे मिटून चालत होती आणि बरोबर थांबत होती. दोन जावा एका जागेवर भांडायला लागल्या. "भिंत तवा बी माझ्याकडं सरकवली हुतीस तू!" "जा गं, तुझीच दिवळी माझ्या घरात हुती!" भिंत पडून तीस वर्षं होऊन गेली होती. भांडता भांडता त्यांतली मोठी एकदम धाकटीच्या गळ्यात पडली. मग निखिलनं नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि माणसं उभी होती तिथं तिथं फक्की टाकत फिरला.

नऊला टेम्पो आला. केबिनमध्ये उस्मानभाईंच्या शेजारी गंगाबाई! "तुमचा भरवसा न्हाई," मला म्हणाल्या, "म्हून सोता आले." मागं वड, पिंपळ, उंबर, चिंचा, लिंब, सगळी हिरवीगार. बायका टेम्पोला गराडा घालून आपापलं झाड मागून घेऊ लागल्या. नाना सगळ्यांच्या शेवटी आले. गंगाबाईंनी लिंबाचं रोप पुढं केलं.

"लिंब कडू," नाना म्हणाले. "जांभूळ हाय का? लेकराला."

जांभूळ होतं.

पहिली कुदळ नानांनी मारायची, असं गावानं ठरवलं होतं. नाना आपल्या जागेवर गेले. निखिलनं टिकाव हातात दिला. त्यांनी तो उचलला, डोक्यावर नेला, आणि तसाच धरून उभे राहिले. मग टिकाव खाली ठेवून मटकन बसलेच.

"बाई, कसं मारू वरून?" ते म्हणाले. "खाली हाय ती."

मी मागं वळून पाहिलं तर कुणीच खणत नव्हतं. कुदळी, फावडी जिथल्या तिथं. इतके दिवस, ग्रामसभेत, घरोघरच्या चर्चेत, हे कुणी कुणाला बोललं नव्हतं. झाड सगळ्यांना हवं होतं, आणि खड्डा कुणालाच नको होता. तिसऱ्यांदा माझं शिक्षण पुढं करायची वेळ आली, आणि या खेपेला मात्र ते उपयोगी पडलं.

"नाना, खणायचं नाही," मी त्यांच्या शेजारी बसून म्हणाले. "पाणी साचतं तिथं आम्ही भर घालून लावतो. वर माती रचायची, गुडघाभर. झाड त्या मातीत बसवायचं. भोवती दगड. खाली काही करायचं नाही आपण."

"मग मुळं?"

"ती जातील आपली आपण. वर्षभरात. हळूहळू."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "दुखत न्हाई ना?"

पस्तीस वर्षांत हजारो मुलांनी मला मुळांबद्दल प्रश्न विचारले. हा कुणी विचारला नव्हता. "नाही दुखत, नाना," मी म्हणाले. "केसापेक्षा बारीक असतात. वाट बघून जातात."

नाना उठले. कुणाला काही न सांगता आपल्या शेताकडं चालायला लागले. परत आले ते डोक्यावर काळ्या मातीचं घमेलं घेऊन. ते त्यांनी आपल्या जागेवर ओतलं आणि पुन्हा निघाले. मग दुसरा निघाला, मग बायका निघाल्या. कुणी ट्रॅक्टर जोडला. दुपारपर्यंत सगळ्या पांढरीवर काळ्या मातीचे ढीग झाले, आणि प्रत्येक ढिगावर एकेक रोप. उस्मानभाई पाण्याच्या घागरी वाहत होते. निखिलच्या फॉर्मवर 'खड्ड्याची खोली' असा रकाना होता. तिथं काय लिहायचं म्हणून त्यानं मला विचारलं, मी म्हटलं, 'खणले नाही' असं लिही, कारण मी देईन.

एक वाजता ऊन डोक्यावर आलं. नव्या गावात जेवण तयार होतं, लोक पांगायला लागले. गंगाबाई रोपांना शेवटचं पाणी घालून हात पुसत होत्या. नाना आपल्या जांभळाशी बसले होते. रोप वीतभर. चार पानं. त्याची सावली माझ्या तळहातातही मावली असती. नानांनी पटका सोडून डोक्यावर घेतला, उठून मावळतीच्या बाजूला गेले आणि तिथं रोपावर ओणवून बसले, पाठ उन्हाकडं करून. उन्हाला नीट अडवेपर्यंत ते इकडं-तिकडं सरकत राहिले. मग त्यांची सावली रोपावर, मातीवर आणि खालच्या दगडांवर पडली.

"चला नाना, जेवायला," मी म्हटलं. "पान वाढलंय."

"तुमी व्हा म्होरं बाई," ते म्हणाले. "ऊन कललं की येतो."